चार पट्ट्या खाली

आमचं जळगावचं घर दाल मिलच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि सगळीकडे तुरीच्या टरफलांची बारीक धूळ. आई सकाळी पुसायची, दुपारी पुसायची, तरी संध्याकाळी ताटावर बोट फिरवलं की बोट पिवळं व्हायचं. मिलची यंत्रं दिवसभर घुमायची. पाहुण्यांचं त्या आवाजाने डोकं उठायचं. आम्हाला मात्र यंत्रं थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच मिलमध्ये सुपरवायझर होते. जेवता जेवता घास हातातच ठेवून ते म्हणायचे, "व्होल्टेज कमी व्हयनं. सूर उतरना देख." आणि खरोखर थोड्या वेळात आमचा बल्ब मंद व्हायचा. आई धुळ्याची, नाना अमळनेरचे. घरात दोघं अहिराणी बोलायचे आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायचे. माइक हातात आला की मात्र नाना एकदम शुद्ध व्हायचे. आई तेवढ्यावरूनही त्यांना चिडवायची.

माइक यायचा तो ऑर्केस्ट्रामुळे. लग्नसराई, गणपती, नवरात्र, कुणाचा सत्कार, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, जिथे बोलावतील तिथे नाना जायचे. गायक तेच, निवेदक तेच, वायरी गुंडाळणारेही तेच. कीबोर्डवर रशीदभाई असायचे. त्यांचं सोफे आणि गाद्या भरायचं दुकान होतं. बोटांना कायम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास यायचा. गिटार वाजवणारा मुलगा कामासाठी सुरतेला गेला तेव्हा नानांनी मुलगी-मुलगा असा काही विचार न करता गिटार माझ्या मांडीवर ठेवली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी स्टेजवर ती वायर लावलेली गिटार वाजवते, हे आमच्या आत्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पण मला ती लाल, कडा उडालेली, देशी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार फार आवडायची. आमच्याकडे बेस वाजवणारा नव्हता, त्यामुळे जाड तारांवरचे खालचे तुकडेही मीच वाजवायचे. प्रत्येक गाण्याच्या आधीचा तुकडा, मधला तुकडा नानांनी मला स्वतः गाऊन शिकवला होता. ते स्वर मला नावाने येत नव्हते. बोटं कुठे ठेवायची एवढंच येत होतं.

मग नानांच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आईने देवापुढे साखर ठेवली. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, आवाज बदलेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते ऐकताना आमच्या सगळ्यांच्या डोक्यात गाठच होती. आवाजाचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढचे कितीतरी दिवस नाना पाटीवर लिहून बोलायचे. आई त्यांना पातळ वरण आणि मऊ भात द्यायची आणि आम्हीही तेच खायचो, कारण घरात मिरचीची फोडणी पडली की त्यांना खोकला यायचा. खानदेशातल्या घरात मिरचीची फोडणी बंद म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. शेवटी एकदा पडवीत दाढी करताना नाना गुणगुणले. मी आणि आई आत जिथल्या तिथे उभ्या राहिलो. आवाज आला होता, पण वेगळाच. खर्जातला, कडेला थोडा खरखरीत. वरच्या पट्टीला लागला की फाटायचा, खाली आला की नीट बसायचा. संध्याकाळी रशीदभाई आले, कीबोर्ड मांडला, नानांकडून चार-पाच गाणी म्हणवून घेतली आणि म्हणाले, "नाना, काही बिघडलं नाही. चार पट्ट्या खाली या. सगळी गाणी आहेत तशी आहेत." त्यांनी एक बटन दाबलं आणि झालं. त्यांचा कीबोर्ड चार पट्ट्या खाली गेला. बोटं तीच, जागा त्याच.

त्या बटनाचा मला इतका राग आला की आजही कीबोर्ड वाजवणारा माणूस दिसला की माझं मन थोडं तिरकं होतं. माझ्या गिटारीला बटन नव्हतं. माझे सगळे तुकडे मोकळ्या तारांवर बसवलेले. चार पट्ट्या खाली जायचं तर ते स्वर सगळ्यात जाड तारेच्याही खाली जात होते; म्हणजे गिटारीत ते नव्हतेच. आहेत त्या स्वरांत वरच्या अंगाने वाजवून पाहिलं, तर गाण्याचा पायाच जायचा आणि नाना म्हणायचे, "हाई काय खेळण्यागत वाजी ऱ्हायनं?" मग उरला एकच मार्ग. मी सहाही खुंट्या उलट्या फिरवल्या आणि सगळ्या तारा चार पट्ट्या उतरवल्या. स्वर मिळाले. तारा मात्र वाळत घातलेल्या साडीच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. जरा जोरात छेडलं की पडद्यांवर आपटून खर्रर्र करायच्या. बोट थोडं जास्त दाबलं की सूर वर जायचा. मी बोट हलकं केलं, हात हलका केला, तरी काही ना काही व्हायचंच. तासन्‌तास मिळवायचं आणि पाच मिनिटांत सगळं विस्कटायचं. आई आतून ओरडायची, "जेवाले ये व माय! तारा पयी जाई ऱ्हायन्यात का?" आणि मी जेवायला जायचे ती तोंड फुगवूनच.

आज हे लिहिताना हसू येतं आणि रागही येतो. तार सैल झाली तर जाड तार लावायची, म्हणजे खालच्या सुरालाही ती ताठ राहते. इतकी साधी गोष्ट. आज माझ्या भाचीला हव्या त्या जाडीच्या तारा हव्या त्या दिवशी दारात येतात, आणि ती 'अकराचा घेऊ की बाराचा' म्हणून मलाच फोन करते. सेट पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. नऊचा सगळ्यात बारीक, मग दहाचा, अकराचा, असा चढत जातो. हे मला तेव्हा एका सायबर कॅफेत कळलं. कुठल्या तरी परदेशी मुलांनी लिहिलं होतं. त्यांना कानठळ्या बसवणारं संगीत वाजवण्यासाठी तारा उतरवायच्या होत्या, मला माझ्या वडिलांसाठी, पण अडचण तीच होती. कुठल्या सुराला कुठली जाडी, ते त्यांनी छान सांगितलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की जवळच्या दुकानातून सुट्या तारा घ्या. जवळचं दुकान! जळगावात आमच्या माहितीचं वाद्यांचं एकच दुकान होतं, तेही मुख्यतः भजनी मंडळांच्या टाळ-मृदंगाचं. मी जाड तार मागितली तर दुकानदार म्हणाला, "ताई, गिटारची तार म्हणजे गिटारची तार. त्यात जाड-बारीक काय? दादाला पाठवा, त्याला समजावून सांगतो." मला दादा नव्हता. मी तसं सांगितलं, तर त्याने नऊचा सेट पुढे सरकवला, जो माझ्या गिटारीला आधीच होता.

अशातच अमळनेरचं लग्न आलं. नानांच्या चुलतभावाच्या मुलीचं. ऑपरेशननंतरचा पहिलाच कार्यक्रम, तोही त्यांच्या गावात, ज्यांनी त्यांना शाळेतल्या गॅदरिंगपासून ऐकलं होतं त्यांच्यासमोर. नानांनी नवा पांढरा शर्ट शिवला. मी म्हटलं, "नाना, थोडं थांबू या. माझ्या तारा अजून नीट बसत नाहीत." ते म्हणाले, "तू वाजाड. बाकीनं मी देखस." मंगल कार्यालयात रिसेप्शनची गर्दी होती, पुढच्या खुर्च्यांवर त्यांचे शाळेतले मित्र बसलेले. पहिलंच गाणं असं निवडलं होतं की आधी गिटारीचा छोटा तुकडा, तो ज्या सुरावर थांबतो तिथून गायकाने उचलायचं. गर्दीचा आवाज इतका होता की मी हात जोरात टाकला. सूर सुटला, नानांनी उचलला, आणि पहिल्याच ओळीला कीबोर्डशी खटकला. नाना दचकले. आवाज थोडा खाली घेतला. दुसऱ्या ओळीआधी पुन्हा माझा तुकडा होता. पुन्हा त्यांनी त्यावरून उचललं, पुन्हा खटकलं. पुढच्या रांगेतला एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. तिसऱ्या ओळीला नाना गायचेच थांबले. माइकवर म्हणाले, "माफ करा मंडळी. गळ्याला अजून आराम हवा आहे." स्टेजच्या पायऱ्या उतरून ते वधूवरांच्या मागच्या दाराने निघून गेले. रशीदभाईंनी काहीतरी वाजवून वेळ मारून नेली. मी गिटार मांडीवर घेऊन बसून राहिले. हातात वाद्य असून काहीच वाजवता येऊ नये यासारखा दुसरा संताप नाही.

परतीच्या जीपमध्ये आईच्या मांडीवर बुंदीची पिशवी होती आणि तिचा तुपकट वास गाडीभर पसरला होता. अमळनेर बरंच मागे पडल्यावर नाना काचेकडे तोंड करून म्हणाले, "आवाज गया, ते सहन व्हयनं. आते मना कान गया." आई म्हणाली, "असं कसं जाई कान?" ते म्हणाले, "माले सूर आयकू येत नही. मी उचलस एक, निंघस दुसरा." दुसऱ्या दिवशी त्यांनी रशीदभाईंना सांगितलं की ऑर्केस्ट्रा बंद. स्पीकर कुणाला हवे असतील तर देऊन टाका. रशीदभाई म्हणाले, "नाना, एक कार्यक्रम बिघडला म्हणून कुणी दुकान बंद करतं का?" नाना म्हणाले, "आंधळ्याने गाडी चालवू नये." आणि मिलमध्ये निघून गेले. त्यानंतर ते पडवीत दाढी करतानाही गुणगुणत नव्हते. रेडिओ लागला की उठून बाहेर जायचे. माणसाचा आवाज गेला तर घराला कळतं. कान गेला असं त्यालाच वाटायला लागलं तर घर त्याच्याशी काय बोलणार?

कीबोर्ड रशीदभाईंच्या दुकानात होता. मी कॉलेजमधून तिथे जायला लागले, फोमच्या तक्त्यांमध्ये आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये बसायची जागा करून. अमळनेरला नेमकं काय झालं ते मला शोधायचं होतं. मी कीबोर्डवर एक सूर दाबून ठेवला आणि त्याच सुराची तार हळू छेडली. सूर जुळला. मग तशी छेडली जशी मी स्टेजवर छेडली होती, जोरात. तार आधी वर उडाली, डगमगली, आणि मग खाली येऊन सुरावर बसली. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. सैल तार जोराच्या फटक्याला ताणली जायची आणि क्षणभर चढा सूर द्यायची. आणि नाना तोच पहिला क्षण उचलत होते. त्यांनी अगदी बरोबर ऐकलं होतं. खोटं मी दिलं होतं, म्हणजे तारेने दिलं होतं. रशीदभाई दाभणात दोरा ओवता ओवता थांबले. "पुन्हा वाजव," म्हणाले. मी वाजवलं. "या अल्ला," म्हणाले, "बेटा, नानांचा कान तर आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे."

मी धावतच घरी गेले. नाना जेवायला बसले होते. मी दारातूनच सुरू झाले. तुमचा कान ठीक आहे, तार चढते, ती सैल आहे म्हणून चढते, तुम्ही जे ऐकलं तेच गायलात. नानांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माले बरं वाटाले बोलू नको, सुमन."

"मी खरं सांगतेय. दुकानात चला, दाखवते."

"इतला वरीस मी तार आयकी ऱ्हायनू. तार खोटी नही ऱ्हास. मानूस खोटा ऱ्हास." आणि ते उठून हात धुवायला गेले. अर्ध्या जेवणावरून. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना उठवलं होतं. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मला जे माहीत होतं ते खरं होतं, आणि ते ज्याला कळायला हवं तोच माणूस ते दया म्हणून ऐकत होता. बोलून काही होणार नव्हतं. गिटारच नीट करायला हवी होती.

मी धुळ्याला मामांकडे गेले. कॉलेजला बुट्टी मारून, सकाळच्या एसटीने, गिटार पाठीला अडकवून. मामींनी दुपारी शेवभाजी केली होती, वर तर्री इतकी की ताटात दिवा लावावा. कितीतरी दिवसांनी मिळालेलं तिखट जेवण, पण मी दुकानाच्या घाईत ते कसंबसं गिळलं. धुळ्याचं दुकान मोठं होतं, बँडवाल्यांची पितळी वाद्यं टांगलेली. शेठजींनी आधी विचारलं, "शिकतो कोण? भाऊ?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. जाड तार पाहिजे म्हटल्यावर एकदम खुशीत आले. "जाडच पाहिजे ना? ही घ्या. याच्यापेक्षा जाड सबंध खानदेशात नाही." तांब्याच्या रंगाचा, चकचकीत, बाराचा सेट. मी तो घेतला, आणि असू द्यावा म्हणून साधा पांढऱ्या तारांचा दहाचाही घेतला. परतीच्या एसटीत मी ती पाकिटं हातात धरून बसले होते. पारोळ्याला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "औषध शे का?" मी हो म्हटलं.

औषध लागू पडलं नाही. बाराच्या तारा लावल्या, चार पट्ट्या खाली मिळवल्या, हाताला काय छान ताठ लागत होत्या! अँप्लिफायर लावला आणि वाजवलं, तर दोन बारीक तारा किंचाळल्या आणि बाकीच्या चार शेजारच्या घरात वाजाव्यात तशा वाजल्या. शेठजींनी मला बिनविजेच्या, पोकळ लाकडी पेटीच्या गिटारीच्या तारा दिल्या होत्या. इलेक्ट्रिक गिटारीतलं लोहचुंबक पोलादाला ओळखतं. वरून पितळी गुंडाळी असलेली तार त्याला अर्धीच ऐकू येते. मी त्या तारा काढून कोपऱ्यात फेकल्या. दहाचा सेट लावला. नऊच्यापेक्षा बरा, पण चार पट्ट्या उतरवला की पुन्हा तेच, लोंबणं, खरखर, जोरात छेडलं की उडी. मी तो चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, आणि त्या चढ-उतारात पहिली तार तुटली. टोक गालाला लागलं. आई बाहेर आली, माझ्या गालावरचं रक्त पाहिलं, खाली पसरलेली वेटोळी पाहिली आणि म्हणाली, "बठ्ठं घर तारास्नी भरी गयं. काय करस तू हाई?" मी तिच्यावर ओरडले की मला नाही माहीत मी काय करतेय. ती हळद घेऊन आली आणि गालावर दाबून धरली.

त्या जाडीची पहिली तार माझ्याकडे आणखी नव्हती. तिच्यासाठी पुन्हा धुळ्याला जायचं माझ्या अगदी जिवावर आलं. त्या रागात मी दहाच्या सेटमधली दुसरी तार काढली आणि पहिल्या जागेवर चढवली. काहीतरी लावायचं म्हणून. तिला पहिल्या तारेच्या सुरापर्यंत नाही, चार पट्ट्या खालीच मिळवलं, कारण मला तेवढंच हवं होतं. आणि ती बसली. बोटाखाली तशीच लागली जशी चांगल्या दिवसांत पहिली तार लागायची. मी जोरात छेडली. सूर हलला नाही. पुन्हा जोरात. नाही हलला. मग मी तिसरी काढून दुसऱ्या जागेवर लावली, चौथी तिसऱ्या, पाचवी चौथ्या, सहावी पाचव्या. प्रत्येक तार एक घर सरकली. सहाव्या जागेला मात्र तार उरली नाही, आणि नानांचे सगळे खालचे तुकडे त्याच तारेवर होते. कोपऱ्यात फेकलेल्या पितळी गुंडाळीच्या तारांतली सगळ्यात जाड मी उचलून आणली. ती मंद वाजणार हे ठाऊक होतं. तिच्याखालचा चुंबकाचा स्क्रू मी वर घेतला, जितका येईल तितका. थोडी सैल लागली, थोडी मंदही, पण सूर धरून राहिली.

तरी दोन गोष्टी राहिल्याच. मानेच्या टोकाला तारा बसायच्या खाचा बारीक तारांच्या मापाच्या होत्या. जाड तार त्यांत अडकायची आणि खुंटी फिरवली की एकदम टिंग करून उडी मारायची. रशीदभाईंनी त्यांच्या अवजारांतली बारीक गोल कानस दिली आणि मी एकेक खाच घासली. घासायची, तार बसवायची, पुन्हा घासायची. जास्त घासलं तर तार खाली जाऊन खरखरणार, म्हणून श्वास धरून. मग दुसऱ्या टोकाला तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावरचे टेकू मागे सरकवले, कारण जाड तार अर्ध्यावर दाबली की सूर वर जात होता. नखं गेली, बोटांची सालं निघाली. शेवटी रशीदभाईंनी कीबोर्डचा सूर धरला आणि म्हणाले, "आता ठोक, बेटा." मी ठोकलं. सूर जागचा हलला नाही.

आणि एवढं सगळं करून ऐकायला कुणी नव्हतं. मी घरात वायर जोडली की नाना चप्पल पायात घालायचे. एकदा मी मुद्दाम दाराआड उभं राहून त्यांची वाट अडवली. ते शांतपणे म्हणाले, "बाजूले सर." मी सरकले. मला वाटलं, जाऊ दे, गिटार विकून टाकावी, टायपिंगचा क्लास लावावा.

भास्करआबा असोद्याचे. केळी, कापूस आणि तूर पिकवणारे शेतकरी, मिलमध्ये तूर घेऊन यायचे त्यातून नानांशी दोस्ती झालेली. दर थंडीत ते आम्हा सगळ्यांना शेतावर भरीत खायला बोलवायचे. त्या वर्षी नाना येणार नाहीत असं वाटत होतं, पण आबा स्वतः मोटरसायकलवर येऊन बसले, मग नाइलाज झाला. रशीदभाईंनी कीबोर्ड रिक्षात घातला आणि नानांना सांगितलं, "मी एकटा वाजवीन. तुम्ही फक्त जेवा." मी गिटार घेतली. दुपारची वेळ होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पांढुरकी हिरवी वांगी भाजली जात होती, बायका लाकडी बडगीत ती ठेचत होत्या, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे पडत होते. धूर आणि वांग्याचा गोड वास. केळीची पानं धुवून मांडलेली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून आम्ही अँप्लिफायर लावला. रशीदभाईंनी दोन-तीन गाणी वाजवली. आबा म्हणाले, "नाना, एक तरी होऊ द्या, मंग जेवन." नाना हसून मान हलवून हात धुवायला पाटाकडे गेले.

मी कुणाला न विचारता अमळनेरच्या गाण्याचा तोच तुकडा सुरू केला. जोरात, जसा तिथे टाकला होता तसाच हात टाकून. शेवटचा सूर सोडला आणि थांबले. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांनीही कीबोर्डवर बोट धरून ठेवलं. नाना पाटाजवळ पाठमोरे उभे होते, तांब्या हातात. बायकांच्या बडगीचा आवाज थांबला. आणि नानांनी उचललं. वळले नाहीत, तिथूनच, पाण्याकडे तोंड करून, पहिली ओळ. खर्जातला, कडेला खरखरीत आवाज, आणि सुरात. पूर्ण सुरात. दुसरी ओळ. तिसरी, जिथे ते थांबले होते. ती गेली. आईने पदर तोंडाला लावला. नाना हळूहळू वळले आणि गात गात आमच्याकडे यायला लागले, तांब्या तसाच हातात.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ते एकदम थांबले. मला वाटलं, पुन्हा तेच, पुन्हा अमळनेर. नानांनी तांब्याचा हात माझ्याकडे केला.

"सुमन, तिसरी तार उतरेल शे. नीट कर पहिले."

मला काही जाणवलं नव्हतं. रशीदभाईंनी सूर दाबला, मी तिसरी तार छेडली. किंचित, अगदी किंचित खाली होती. नवी तार उन्हात ढिली पडली होती. मला इतका राग आला की काय सांगू. महिनाभर मी त्यांच्या कानासाठी बोटं सोलून घेतली, भांडले, ओरडले, आणि त्यांना कान परत मिळाला तो माझीच चूक काढून. मी खुंटी फिरवायला लागले. नाना डोळे मिटून उभे होते. "आजून," म्हणाले. मी फिरवली. "आजून थोडी." मी फिरवली. "बस. आते व्हयनं." रशीदभाईंनी पाहिलं, तार बरोबर सुरावर होती. नानांनी डोळे उघडले. पुष्कळ दिवसांनी ते माझ्याकडे सरळ पाहत होते.

त्यानंतर ते बरीच वर्षं गायले, चार पट्ट्या खाली, आणि एकाही कार्यक्रमात माझ्याकडून तार नीट करून घेतल्याशिवाय सुरुवात केली नाही. मी फार चिडायचे. पण त्या दुपारी चिडायला वेळ मिळाला नाही. आबांच्या घरच्या बायका पुऱ्या गार होतील म्हणून कुरकुरत होत्या. नानांनी तांब्या खाली ठेवला, ओले हात शर्टाला पुसले, आणि दुसऱ्या कडव्यापासून नाही, गाण्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा गायले.